कुंपणावरची भुरुंडी

रेजिनामावशीचं मीटर जरा पुढे पळतं, असं फ्रेडरिककाका म्हणायचे. तिने दहा सांगितले की आपण चार धरायचे. हे ते तिच्या देखत म्हणायचे, पाहुण्यांना म्हणायचे, भाजी न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही म्हणायचे. रेजिनामावशी अळूच्या जुड्या बांधता बांधता मान वर न करता उत्तर द्यायची, "आणि ह्यांचं मीटर बंदच आहे. लग्नापासून."

१९९६ च्या जूनमध्ये आम्ही वसईजवळच्या वटार गावी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. वसई पूर्वेला नोंदवलेला फ्लॅट तयार व्हायला अजून तीन वर्षं होती, आणि सासूबाईंच्या एका खोलीत ती काढणं मला जमणार नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या, सुधाकरच्या ऑफिसातल्या फेबियनने आपल्या काकांचं घर सुचवलं. जागा बघायला गेलो तर रेजिनामावशीने मला खोल्या दाखवल्याच नाहीत, आधी मोरी दाखवली. म्हणाली, "खोली कशीही चालते गो. मोरी बघून घे."

तेव्हा ती पन्नाशीची होती. बुटकी, रुंद, घरात गाऊन आणि मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, साडी. फ्रेडरिककाका मुंबईत एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचं काम संपलं तसे लवकर घरी बसले होते. एकुलती मुलगी स्टेफी लग्न होऊन बहारीनला गेलेली. घरामागे वाडी होती: केळी, पानवेल, वांग्या-भेंडीचे वाफे, आणि शेवटाला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, ज्यावर सगळी वाडी जगायची. वाडीला करवंदाच्या आणि मेंदीच्या काटक्यांचं कुंपण होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सरळ दिसायचं.

पहिल्या वर्षी मीही काकांचं ऐकून तिच्या प्रत्येक गोष्टीतून सहा वजा करत असे. मग एकदा तिने फणस काढला आणि म्हणाली, बत्तीस किलोचा आहे. काका हसले. फणस टेम्पोत चढवण्याआधी काट्यावर टाकला, तर साडेएकतीस भरला. काका म्हणाले, "बघ, अर्धा किलो वाढवलाच." त्या दिवसापासून मी वजाबाकी सोडून दिली. बारकाईने ऐकत गेले तर लक्षात आलं की ही बाई वाढवून सांगतच नाही. फक्त मोठ्याने सांगते, आणि मोठ्याने बोलणाऱ्या बाईचं सगळं अर्धंच खरं, असं घरात ठरून गेलं होतं.

तिची एक गोष्ट मात्र कुणी अर्धीही खरी मानत नव्हतं. ती मला १९९७ च्या सप्टेंबरात कळली.

सत्तावीस सप्टेंबरला तिच्या आईच्या वर्षाची मिस्सा असायची. मिस्सा सकाळी, आणि दुपारचं जेवण रेजिनामावशीकडे. जेवायला बाहेरचं कुणी नसायचं, फक्त तिची धाकटी बहीण फ्लॉसी. त्या वर्षी आम्हालाही बसवून घेतलं होतं. फ्लॉसी चार वाड्या पलीकडे माहेरच्या घरात एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. आधी वडिलांचं केलं, १९९१ साली ते गेल्यावर घर सांभाळलं. चर्चमधली अल्तारावरची, म्हणजे वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करण्याचं काम तिच्याकडे होतं. रेजिनामावशी जितकी पसरलेली, तितकी फ्लॉसी घडी घातलेली. त्या दोघी आपसात त्यांच्या बोलीत बोलायच्या. एव्हाना ती मला बरीचशी समजायला लागली होती. इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

मीच विचारलं, "मावशी, तुमची आई कशाने गेली?"

"विषमज्वराने," रेजिनामावशी माझ्या पानात रस्सा वाढत म्हणाली. "पंचावन्न साली. मी नऊची, ही सहाची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताप उतरला तरी उठू द्यायचं नाही. पण ती उठली. शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले, तर आई कुंपणापाशी. वांग्यातलं तण काढून कुंपणावर टाकत होती. तिची पद्धत होती, पावसाळ्यातलं तण खाली टाकायचं नाही, ते परत धरतं. मुळं वर करून कुंपणावर लटकवायचं. मंगळवारी पहाटे ती गेली. बुधवारी तिला पुरायला नेण्याआधी घर माणसांनी भरलं होतं. मी फ्लॉसीला घेऊन मागे गेले, तर काय सांगू, कुंपण दिसत नव्हतं. त्या तणावर नुसती फुलपाखरं. काळी, निळ्या ठिपक्यांची. हात लावला तरी उडत नव्हती."

"गेल्या वर्षी पंधराशे होती," काका म्हणाले. "ह्या वर्षी किती धरायची?"

सुधाकर हसला. मी हसणार होते, पण फ्लॉसीकडे लक्ष गेलं. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली होती.

"आई महिनाभर उठली नव्हती," ती म्हणाली. "बाबांनी तिचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. सगळ्या वटारला माहीत आहे."

"मी पाहिली तिला."

"तू नऊ वर्षांची होतीस."

"आणि तू सहा."

"मी बाबांपाशी चाळीस वर्षं राहिले. ते कधी खोटं बोलले नाहीत. आईच्या दिवशी तरी तू बोलू नको, बाय."

तिने ताट उचलून मोरीपाशी नेलं, हात धुतले, पदराला पुसले आणि गेली. मोरीत ठेवलेल्या ताटात कोंबडीचा तुकडा तसाच होता.

त्या दुपारी भांडी घासताना रेजिनामावशीने उरलेलं सांगितलं. दफनविधीनंतर घरी आलेल्या आत्या-मावश्यांना तिने सांगितलं होतं, आई शनिवारी तण काढत होती. ते बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी मारलं नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, रेजिना, खोटं बोलू नको. महिन्याभरात तिला नंदाखालला मावशीकडे पाठवलं. फ्लॉसीला ठेवून घेतलं. रेजिनामावशी नंतर घरी यायची ती सणाला, पाहुणी म्हणून. लग्नही मावशीच्याच घरातून झालं.

"दोन मुली एका बाईमाणसाशिवाय कशा सांभाळणार, म्हणून पाठवलं असेल," मी म्हणाले.

"दोन होत्या ना? मग मोठीला कशाला? मोठी कामाला येते." तिने कढई पालथी घातली. "खोटं बोलते म्हणून पाठवली."

पुढच्या वर्षी सत्तावीस तारखेला फ्लॉसी जेवायला आली नाही. मिस्साला होती, पण दुसऱ्या बाजूच्या बाकावर. रेजिनामावशीने तिचं पान वाढून दोन वाजेपर्यंत ठेवलं. मग काकांना म्हणाली, "तुम्ही खा ते." काकांनी खाल्लं. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, हे मला अजून आठवतं.

संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन बसली. "उन्नती, ते तण कोणतं होतं ते मला शोधायचंय."

"कशाला?"

"तसलं तण मिळालं आणि त्यावर तसली फुलपाखरं आली, म्हणजे मी पाहिलं ते पाहिलं. मग फ्लॉसीला नुसती कुंपणापाशी उभी करायची. मी काही बोलणार नाही. ती परत माझ्याकडे जेवायला येईल."

काका आतून म्हणाले, "घाणेरी असेल. फुलपाखरं घाणेरीवरच असतात."

"घाणेरीला काटे असतात. आई कवळ्यात धरून नेत होती."

तिला त्या झाडाबद्दल दोनच गोष्टी आठवत होत्या. पानं हाताला खरखरीत लागायची. आणि फुलांचा दांडा विंचवाच्या नांगीसारखा मागे वळलेला असायचा; लहानपणी तो फ्लॉसीच्या मानेवर फिरवून ती तिला रडवायची. नाव नव्हतं. त्यांच्या घरात भाजी सोडून जे उगवेल त्याला एकच नाव होतं, तण.

चार दिवस ती बांधाबांधाने फिरली. पाचव्या दिवशी तिला ते आपल्याच वाडीत, बावखलाच्या काठच्या ओल्या मातीत सापडलं. गुडघाभर झाड, सुरकुतलेली पानं, आणि वळलेल्या दांड्यावर दोन ओळींत दाटीवाटीने बसलेली फिकट जांभळी, पांढुरकी फुलं, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. तीस वर्षं ती हे झाड दर पावसाळ्यात उपटत आली होती. सासरच्या रीतीप्रमाणे खड्ड्यात टाकत होती आणि कधी फुलाकडे बघितलं नव्हतं.

तिने तीन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या. सुधाकरच्या ओळखीचे दिनानाथ सर एव्हरशाईन सिटीत राहायचे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तो डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या पत्नीला वाटलं मी काहीतरी खायचं आणलंय. तिने डबा उघडला आणि न बोलता माझ्याकडे परत दिला. सरांनी भिंग काढलं, पान चोळून वास घेतला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर म्हणाले, "भुरुंडी. हेलिओट्रोपियम इंडिकम. ही रानात आपसूक उगवणारी वनस्पती. घाणेरीसारखी बागेसाठी आणलेली नव्हे."

"हिच्यावर फुलपाखरं येतात?"

"वेडी होतात."

मी तेवढंच ऐकलं आणि उठले. चहासुद्धा उभ्याने घेतला.

सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं नाव रेजिनामावशीने चारदा वाचलं. "भुरुंडी. बघ, हिला किती चांगलं नाव आहे. आणि आम्ही काय म्हणत होतो." चिठ्ठी तिने येशूच्या तसबिरीच्या चौकटीत खोचली. त्या वर्षीचा हंगाम सरत आला होता, म्हणून बी धरून ठेवलं. काकांच्या जुन्या शाईच्या बाटलीत.

१९९९ च्या पावसाळ्यात तिने वांग्याचा एक अख्खा वाफा भुरुंडीला दिला. वसईच्या पट्ट्यात असं कुणी केलं नसेल. लोक कुंपणावरून डोकावून जायचे. काकांनी तर टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं, "यंदा तण घेऊन जा दादरला. नवीन माल आहे." ती खत घालायची, आजूबाजूचं गवत उपटायची. तणातलं तण काढते, म्हणून तिची ती स्वतःच हसायची. ऑगस्टअखेर सगळा वाफा फुलला. मी रोज सकाळी खिडकीतून बघायची. मधमाश्या यायच्या. पांढरी बारकी फुलपाखरं यायची, ती मुळ्यावरही येतात. निळ्या ठिपक्यांचं एखाददुसरं यायचं, दोन दांड्यांवर टेकायचं आणि केळीतून निघून जायचं.

"उद्या येतील," ती म्हणायची. मग म्हणायची, ऊन पडलं की येतील. मग म्हणायची, सप्टेंबर लागू दे.

सप्टेंबर लागला. एका रविवारी चर्चला जाताना फ्लॉसी वाडीपाशी थांबली. वर्षभरातलं तिचं पहिलं वाक्य होतं, "तण पेरलंस?"

"भुरुंडी आहे ती."

"तेच," म्हणाली आणि गेली.

तेवीस तारखेला रेजिनामावशीने हार मानली. काकांना त्या वाफ्यात मुळा टाकायचा होता, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ती एकटीच वाकून उपटायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू राहू दे, तुझ्या हाताला खाज सुटेल." पहिला भारा घेऊन ती खड्ड्याकडे निघाली, तेव्हा काका ओटीवरून ओरडले, "खड्ड्यात नको. बी धरलंय त्याने. पुढच्या वर्षी खताबरोबर सगळ्या वाडीत उगवेल. आधी वाळव, मग जाळू."

खाली टाकावं तर जमीन ओली. म्हणून तिने ते कुंपणावर घातलं. एकेक झाड, मुळं वर, शेंडा खाली, एकाला लागून एक, पार बावखलापर्यंत. ती काय करते आहे ते तिच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नाही.

शनिवारी दुपारी मी कपडे काढायला बाहेर आले, तर कुंपणावर दहा-बारा होती. मला वाटलं वाळलेली पानंच हलतायत. जवळ गेले. काळपट पंख, त्यावर फिकट निळ्या रेघा आणि ठिपके. उलट्या लोंबणाऱ्या, कोमेजलेल्या दांड्यांना चिकटून बसली होती आणि सोंड खुपसून पंख हळूहळू उघडमीट करत होती. मी हात पुढे केला. एकही उडालं नाही.

मी रेजिनामावशीला हाक मारली. ती पीठ भरल्या हातांनी आली, आणि तशीच उभी राहिली.

मी पीसीओवर जाऊन सरांना फोन लावला. ते म्हणाले, "बरोबर आहे. जिवंत फुलापेक्षा वाळत्या भुरुंडीला ती जास्त येतात. येणारे बहुतेक नर असतात. त्या सुकत्या झाडातून जे काही शोषतात, त्याचा त्यांना माद्यांसाठी वास तयार करायला उपयोग होतो. झाड उपटल्यावर दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही मला फुलाचं विचारलंत, वाळण्याचं विचारलं नाहीत."

मी येऊन जसंच्या तसं सांगितलं. रेजिनामावशी पायरीवर बसली होती. हाताचं पीठ तिथेच वाळलं होतं. तिने बोटं धरली. "शनिवार. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार." पुन्हा धरली. "म्हणजे आई उठली होती. मी पाहिली तीच."

"हो मावशी."

"मी खोटं बोलले नव्हते."

"नाही."

मला वाटलं, आता ती चप्पल घालून फ्लॉसीकडे निघेल. ती बसूनच राहिली. हाताचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत म्हणाली, "मग बाबा बोलले."

काका दारात येऊन उभे होते. "जा, बोलावून आण तिला. दिवे लागायच्या आत."

"नाही बोलावत."

"पावसाळाभर माझ्या मुळ्याची जागा अडवलीस ती कशाला मग?"

"काय दाखवू तिला?" ती म्हणाली. "तापातल्या बायकोला बाबांनी तणात उभी केली, आणि लोकांना सांगितलं, पाय जमिनीला लागू दिला नाही? तिने त्या माणसासाठी लग्न केलं नाही हो. तिच्याकडे दुसरं काय आहे?"

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि आत गेले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच चहा केला. त्या घरात राहिलेल्या सव्वातीन वर्षांत मी हे एकदाच पाहिलं.

रेजिनामावशी २००६ मध्ये गेली. तिच्याबद्दल काही लिहायचं तर मला तो शनिवार आधी आठवतो. आयुष्यभर जे सिद्ध करायचं होतं ते तिच्या कुंपणावर येऊन बसलं होतं, आणि ती हाताचं पीठ खरवडत होती.

पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि वटारमध्ये चर्चला जायचा रस्ता त्या वाडीवरूनच होता. सकाळच्या उन्हाला फुलपाखरं शेकड्यांनी आली. निळ्यांमध्ये नारिंगी पट्ट्यांची होती, नुसती तपकिरी-काळीही होती. मेंदीच्या काटक्या दिसत नव्हत्या. मिस्सा सुटल्यावर बायका थांबल्या, पोरं थांबली. कुणीतरी म्हणालं, रेजिनाने साखरेचं पाणी मारलं असेल. काकांनी ओटीवरून ऐकवलं, "साखर मला चहाला देत नाही ती, फुलपाखरांना कुठून देणार?"

गर्दी पांगल्यावर फ्लॉसी आली. चर्चच्या कपड्यांतच, हातात प्रार्थनेचं पुस्तक. ती फाटकातून आत आली आणि कुंपणापासून चार पावलांवर थांबली. मी खिडकीत होते. रेजिनामावशी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"कधी लटकवलंस?" फ्लॉसीने विचारलं.

"गुरुवारी."

फ्लॉसीने मान हलवली. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणते आहे, पण ती वार मोजत होती.

मग रेजिनामावशी बोलली, आणि मी चकित झाले. "मला वाटतं फ्लॉसी, माझीच चूक झाली असेल. तण बाबांनी टाकलं असेल कुंपणावर. मी लहान होते. लांबून मला आई वाटली."

माझ्या माहितीत ती तेवढं एकदाच खोटं बोलली, आणि तेही तिला नीट जमलं नाही. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"बाबा तण बावखलात फेकायचे," फ्लॉसी म्हणाली. "मुळं वर करून लटकवत बसायला त्यांना कधी वेळ होता? आईच होती ती."

रेजिनामावशी कुंपणाकडून तिच्याकडे वळली.

"बाबा सकाळीच बाजाराला गेले होते," फ्लॉसी म्हणाली. ती कुंपणाकडे बघूनच बोलत होती. "मी तिच्या पायाशी बसले होते. ती उठली. म्हणाली, पाऊस उघडलाय तोवर एवढं तण काढते, नाहीतर वांगी जातील. बाबांना सांगू नको. मी नाही सांगितलं. बाबा आले तेव्हा ती परत अंथरुणात होती. त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं, बाय. ते खोटं बोलत नव्हते."

"कुणालाच नाही सांगितलंस?"

"फादरपुढे पापं सांगताना, कुमसारातसुद्धा नाही."

"आणि मला खोटारडी म्हणालीस."

"तू ते सांगायला लागलीस की मी घाबरायची. वाटायचं, आता पुढचं विचारतील. फ्लॉसी तर घरातच होती, तिने का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर बाबांनी तिला निजवलं असतं. ती जगली असती." तिने पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "बाबांना जेवायला वाढताना रोज वाटायचं, आज सांगते. छत्तीस वर्षं."

रेजिनामावशीने तिचा दंड धरला. "तू सहा वर्षांची होतीस ग."

"तू नऊची होतीस. तूही तिला पाहिलंस ना, शनिवारी? मग तू बाबांना का नाही सांगितलंस?"

एवढी वर्षं आई कुंपणापाशी होती की नव्हती, एवढंच ती सांगत आली होती. हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मला वाटलं, ती बरी झाली," ती म्हणाली. "मी एवढी खूश झाले होते, फ्लॉसी. दप्तर तिथेच टाकलं आणि उड्या मारत घरात गेले. मला वाटलं आई बरी झाली."

"मलापण तेच वाटलं होतं," फ्लॉसी म्हणाली.

दोघी तिथेच वाफ्याच्या कडेला, उपटलेल्या मातीत बसल्या. फ्लॉसीची इस्त्रीची साडी मातीला लागली, तरी तिने ती सावरली नाही. मग फ्लॉसीने विचारलं, "फुलपाखरं मला खरंच आठवत नाहीत. मी होते का तिथे?"

"माझ्या कडेवर. पण तुझं तोंड माझ्या खांद्यात होतं. दोनदा म्हटलं बघ, बघ, तर तू चावलीस मला."

"मी चावले?"

"इथे." रेजिनामावशीने गाऊनची बाही वर केली, जणू खूण अजून असेल.

फ्लॉसी वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "आईने त्या दिवशी डोक्याला फडकं बांधलं होतं, ते आठवतं का तुला? बाबांचं, निळ्या चौकड्यांचं."

"नाही बांधलं. केस मोकळे होते."

"मोकळे कसे असतील? मीच फडकं शोधून दिलं तिला."

"मग काढलं असेल तिने. मी आले तेव्हा मोकळे होते."

"काढणार नाही. वारा होता."

"वारा नव्हता, फ्लॉसी. ऊन होतं."

दोघींचा आवाज चढत गेला आणि बोली एवढी भरभर व्हायला लागली की मला पुढचं समजेना. मी खिडकी सोडली आणि भाताला आधण ठेवलं.